संस्थेची अब्रू मोठी की मूल?

मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसंबंधी सुधारित आणि एकत्रित मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. आधीच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींची पार्श्वभूमी त्यांना होती. सूचना सविस्तर आहेत, बहुतांशी योग्यही आहेत. त्या शाळाशाळांत पोहोचल्या, त्यांची छापील प्रत काढली गेली, तिला भोके पाडून ती फायलीत लावली गेली आणि 'शासन निर्णय प्राप्त' अशी नोंद आवक वहीत झाली. महाराष्ट्रातील फार मोठ्या संख्येच्या शाळांपुरते बोलायचे तर सूचनांचा प्रवास येथेच संपतो. हे विधान कोणाला कठोर वाटले, तर त्याने आपल्या जवळच्या शाळेतील कोणत्याही तीन शिक्षकांना या निर्णयात काय लिहिले आहे, एवढे विचारून पाहावे.

या सूचना आकाशातून पडल्या नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुरड्यांवर स्वच्छतेच्या कामासाठी कंत्राटावर घेतलेल्या माणसाने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. कामावर येऊन त्याला पुरता पंधरवडाही झाला नव्हता. मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेची वाहतूक दिवसभर कोलमडली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. गुन्ह्याची माहिती कळवली नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर आणि मुख्याध्यापिकेवर 'पॉक्सो', म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला. हे सारे वाचकांच्या स्मरणात असेलच. पण त्या संतापात एक गोष्ट झाकली गेली. रुळांवर उतरलेला जमाव फाशी मागत होता ती एका माणसासाठी. त्या माणसाच्या भोवती जी भिंत उभी होती, तिच्याविषयी घोषणा झाल्या त्या तुलनेने थोड्या.

भिंत म्हणजे नियमांचा अभाव नव्हे, हे आधी नीट ध्यानी घेतले पाहिजे. नियमांची आपल्याकडे रेलचेल आहे. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. शाळेत तक्रारपेटी लावण्याचा राज्य शासनाचा आदेश २०१७ चा. २०२० च्या पॉक्सो नियमांनी तर मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो वा क्रीडा अकादमी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि बालसंरक्षणाचे धोरण पाळावे, असे बंधन घातले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभाच मुळी व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणे हा आहे. मार्च २०२२ मध्ये राज्यात 'सखी सावित्री' समित्या स्थापन करण्याचे ठरले. म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये त्या दोन लेकरांच्या बाजूने कागदावर निदान पाच तटबंद्या उभ्या होत्या. त्यातली एकही कामास आली नाही. बदलापूरनंतर आठवडाभरात, २१ ऑगस्टला, शासनाने सहावी तटबंदी बांधली: महिनाभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, लहान वर्गांसाठी महिला कर्मचाऱ्यांना प्राधान्य, घटनेची माहिती चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना. मे २०२५ ची ही सातवी. आदेशांच्या संख्येवरून सुरक्षितता मोजायची झाली, तर महाराष्ट्रातील मूल जगात सर्वाधिक सुरक्षित ठरेल!

मग अडते कुठे? अडते ते एका वाक्यापाशी. ते वाक्य कोणत्याही शासन निर्णयात सापडणार नाही, परंतु मराठी मुलखातील शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत ते पिढ्यान् पिढ्या उच्चारले गेले आहे. 'संस्थेची बदनामी होईल.'

या वाक्याची ताकद बाहेरच्याला कळणार नाही. ती कळायला आपल्या संस्था कशा उभ्या राहिल्या, हे माहीत असावे लागते. कोणी आपला वाडा दिला, कोणी दारोदार फिरून मूठमूठ धान्य गोळा केले, कोणी आयुष्यभर अर्ध्या पगारावर शिकवले. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, शताब्दी अशा पायऱ्या चढत त्या येथवर आल्या. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर बसणारी माणसे बव्हंशी मानधन घेत नाहीत, प्रवासखर्चही मागत नाहीत. उलट स्वतःच्या खिशातून घालतात. या पानांचे वाचक असलेले कितीतरी कार्यकर्ते अशा मंडळांवर आहेत, कोणी शाळा समितीचे अध्यक्ष आहेत, कोणी कार्यवाह. संस्थेवर त्यांची निष्ठा असते आणि ती खरी असते. घात नेमका येथे होतो. ज्या निष्ठेने संस्था उभी राहिली, तीच निष्ठा संकटाच्या घडीला मुलाकडे पाठ फिरवून संस्थेच्या नावाभोवती कडे करते. कोणी दुष्ट असतो म्हणून नव्हे. आपल्या आजोबांनी लावलेल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावू नये, एवढेच त्याला वाटत असते.

त्यानंतर जे घडते त्याचा साचा ठरलेला आहे. मुख्याध्यापक कार्यवाहांना दूरध्वनी करतात. कार्यवाह म्हणतात, 'सध्या कोणाशी बोलू नका, संध्याकाळी बसू.' संध्याकाळी चार ज्येष्ठ मंडळी बसतात. संशयिताला बोलावून 'समज' दिली जाते. तो रडतो, पाया पडतो, बायकामुलांची शपथ घेतो. पालकांना सांगितले जाते की प्रश्न तुमच्याच मुलीच्या भवितव्याचा आहे, बोभाटा झाला तर उद्या तिच्याकडे बोट दाखवतील. पालकांनाही ते पटते, कारण समाज खरोखरच तसा आहे. महिन्याभरात संशयित 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा देतो. आणि मग, ही सर्वांत भयंकर गोष्ट आहे, त्याला अनुभवाचा दाखला मिळतो. वर्तणूक चांगली असल्याचा! तो दाखला घेऊन तो तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत रुजू होतो. पहिल्या संस्थेची अब्रू शाबूत राहते. तिची किंमत दुसऱ्या शाळेतले एखादे मूल चुकवते, आणि त्या मुलाच्या आईवडिलांना हा व्यवहार कधी झाला, हेही कळत नाही.

कायदा या बैठकीकडे काय म्हणून पाहतो? पॉक्सोचे कलम १९ सांगते की गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंबहुना तो घडण्याची शक्यता आहे अशी धास्ती असलेल्या, कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवली पाहिजे. 'कोणाही व्यक्तीने' म्हणजे शिपायानेही आणि अध्यक्षांनीही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि जो संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवतो, त्याला एक वर्षापर्यंत. कायद्याने प्रमुखाला दुप्पट जबाबदार धरले आहे, कारण लपवण्याची शक्ती आणि लपवण्याचा मोह दोन्ही त्याच्यापाशी अधिक असतात. जो सद्हेतूने माहिती देतो त्याच्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे अभय कलम १९ मध्येच आहे. म्हणजे संध्याकाळच्या त्या बैठकीत बसलेल्या चार ज्येष्ठांना आपण संस्था वाचवत आहोत असे वाटते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते एक गुन्हा करत असतात.

हे केवळ पुस्तकातले कलम नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या वनवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. पीडित बालिकांची संख्या सतरा होती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला घडल्या प्रकाराची माहिती असूनही त्याने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध आहे, तो अनेकदा मूळ अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे स्पष्ट केले. सतरा मुली! आईबापांपासून दूर, दुर्गम पाड्यांतून शिकण्यासाठी आलेल्या. एका मोठ्या माणसाने एक दूरध्वनी केला असता, तर हा आकडा कुठे थांबला असता, याचा ज्याने त्याने विचार करावा.

शासनाच्या सूचनांबद्दल येथे एक तक्रार नोंदवणे भाग आहे. चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा, असे ऑगस्ट २०२४ च्या निर्णयात म्हटले आहे. हेतू चांगला आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ काय होतो? मुख्याध्यापकांना वाटते की शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र पाठवले, आपले कर्तव्य झाले. शिक्षणाधिकारी विस्तार अधिकाऱ्यांना 'चौकशी करून अहवाल सादर करावा' म्हणून लिहितात. विस्तार अधिकारी गटसंमेलन आटोपून चार दिवसांनी शाळेत येतात आणि त्या मुलीला, त्याच इमारतीत, त्याच माणसांसमोर, पुन्हा सारे सांगायला लावतात. पॉक्सो कायद्याने मात्र मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवावा, असे सांगितले आहे. कायद्याने आखलेली वाट पोलिसांकडे आणि चोवीस तासांत बालकल्याण समितीकडे जाते. शिक्षणाधिकारी हा त्या वाटेवरचा थांबा नाही. त्यांना कळवावे, जरूर कळवावे. पण आधी नव्हे आणि ऐवजी तर नव्हेच. शासनाने आपल्याच सूचनेत हे ठळक अक्षरांत सांगितले असते, तर बऱ्याच मुख्याध्यापकांचा गोंधळ मिटला असता. तपास हे शाळेचे काम नाही. मूल जे सांगते ते शांतपणे ऐकणे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणे आणि त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचवणे, एवढेच तिचे काम आहे.

आपल्याच मंडळींतून येणारा एक आक्षेप मात्र सविस्तर उत्तराला पात्र आहे. 'हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्याकडे गुरू-शिष्याचे नाते पित्यापुत्राचे. त्या नात्यात पोलीस आणि पडताळणी आणली की श्रद्धा संपली.' असे म्हणणारे लोक मनाने निर्मळ असतात, यात शंका नाही. पण त्यांनी आपल्या परंपरेचा अर्धाच भाग वाचला आहे. गुरूला देवाच्या जागी बसवणाऱ्या परंपरेने गुरूच्या अपराधाला क्षमेची सवलत कधी दिली? उलट जेवढा अधिकार मोठा, तेवढे पतन मोठे आणि प्रायश्चित्त कठोर, हाच तिचा दंडक आहे. पॉक्सो कायद्यानेही नेमके तेच केले आहे. शैक्षणिक वा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने त्याच संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार हा साधा नव्हे तर 'गंभीर स्वरूपाचा' अपराध, आणि शिक्षाही त्यानुसार वाढीव. विश्वासाच्या स्थानावरून केलेला घात अधिक मोठा, हे कळायला आपल्याला विलायतेला जायची आवश्यकता नव्हती. श्रद्धा संपते ती पडताळणीने नव्हे. श्रद्धा संपते ती मुलाने सांगितल्यावर मोठ्यांनी 'गप्प बस' म्हटले, त्या क्षणी.

आणि विलायतेचा विषय निघालाच आहे, तर तेथे काय झाले हेही पाहावे. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहम या छोट्या गावात दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. मारेकरी इयान हंटली हा गावातील माध्यमिक शाळेचा केअरटेकर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या भागातील पोलिसांकडे लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी आलेल्या होत्या. एकीतही शिक्षा झाली नव्हती, आणि त्यांची माहिती तो नोकरीला लागला तेथवर कधी पोहोचलीच नाही. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशी अहवालाने २००४ मध्ये या साऱ्या गळतीची चिरफाड केली. त्यातून मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या पूर्वेतिहासाची छाननी करणारी राष्ट्रीय व्यवस्था आकाराला आली. आज इंग्लंडमधील प्रत्येक शाळेला आणि महाविद्यालयाला 'मुलांना शिक्षणात सुरक्षित ठेवणे' या अर्थाच्या शीर्षकाची वैधानिक मार्गदर्शिका लागू आहे. २०१४ पासून ती जवळपास दरवर्षी सुधारली जाते आणि सप्टेंबरमध्ये, शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, नवी आवृत्ती अमलात येते. मुलांशी थेट संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने तिचा पहिला भाग वाचलाच पाहिजे, आणि त्याने तो वाचून समजून घेतला आहे, हे पाहण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर असते. प्रत्येक शाळेत या कामासाठी नेमलेली एक वरिष्ठ व्यक्ती असते. कर्मचाऱ्यावरच आरोप झाला तर शाळेने आधी आपापसात चौकशी करायची नाही. स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या, नियुक्त अधिकाऱ्याशी बोलायचे. त्या मार्गदर्शिकेतील एक विचार मला फार मोलाचा वाटतो: 'आमच्याकडे असे होणे शक्य नाही' असे कोणी म्हणू नये, आपल्याकडेही होऊ शकते असे धरूनच वागावे.

इंग्लंडचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्याकडच्या मठ, चर्च, वसतिगृहे आणि नगरपालिकांनी दशकानुदशके जे झाकले, त्याच्या चौकशीला सात वर्षे लागली. त्या चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जी प्रमुख शिफारस केली ती कोणती? अत्याचाराची माहिती कळवणे कायद्याने सक्तीचे करा, ही! म्हणजे २०२२ मध्ये त्यांचा आयोग जे मागत होता, ते भारताच्या संसदेने २०१२ मध्येच देऊन ठेवले होते. कायद्यात आपण दहा वर्षे पुढे होतो. पण त्यांच्याकडे शाळेतल्या स्वयंपाकिणीलाही संशय आला तर कोणाकडे जायचे हे ठाऊक असते, आणि आपल्याकडे मुख्याध्यापकही आधी वकिलाला विचारतात.

शासकीय उपायांपैकी सीसीटीव्हीचा बोलबाला सर्वांत मोठा. तो दिसतो, त्याची पावती मिळते, उद्घाटन करता येते. परंतु स्वच्छतागृहात, कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये, आणि गुन्हा करणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पोलीस पडताळणीचेही तेच. तिने मागचा नोंदलेला गुन्हा कळतो. जो समज देऊन मिटवला गेला तो कळत नाही. जोवर संस्था प्रकरणे मिटवत राहतील, तोवर पडताळणीचा कागद कोराच येणार.

येथे शासनालाही आरसा दाखवला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने अनुदानित शाळांतील शिपायांची नियमित पदे यापुढे न भरता त्याऐवजी ठोक 'शिपाई भत्ता' देण्याचा निर्णय घेतला. मुंबई-पुण्यासाठी महिना दहा हजार रुपये, ग्रामीण भागासाठी पाच हजार. आता पाच हजारांत कोण मिळतो? जो मिळेल तो. सहा महिने टिकला तरी पुष्कळ. पूर्वीचा शिपाई तीस वर्षे त्याच शाळेत असे, त्याला प्रत्येक मुलाचे नाव, घर आणि आईचा स्वभाव ठाऊक असे. घंटा देणारे ते मामा हेच शाळेचे खरे सुरक्षाकवच होते. त्यांची जागा ठेकेदाराने पाठवलेल्या, दर तिमाहीला बदलणाऱ्या अनोळखी माणसाने घेतली. एका हाताने हे करायचे आणि दुसऱ्या हाताने पडताळणीचे फर्मान काढायचे, याला काय म्हणावे? लहान वर्गांना महिला कर्मचारी हव्यात हे मान्यच आहे. त्यांचे वेतन कोण देणार, तेवढे त्याच कागदावर लिहायचे राहून गेले.

बदलापूरचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. त्या भावनेची कारणे समजतात. पण ज्याचा खटला उभा राहायचा होता तोच राहिला नाही, आणि साक्षीपुराव्यातून शाळेत कोणाला कधी काय कळले होते, याचा जो उलगडा त्या खटल्यात झाला असता, तोही राहिला. दुसऱ्याच दिवशी, २४ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या शालेय सुरक्षा मार्गदर्शिकेची अंमलबजावणी करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. तीन वर्षे जुन्या मार्गदर्शिकेची अंमलबजावणी करा, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले! त्या बातमीला पेढे सोडाच, अनेक ठिकाणी आतल्या पानावरही जागा मिळाली नाही.

पालकांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आपण सारे 'अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नकोस' एवढे सांगून निश्चिंत होतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते. त्यातील ५३ टक्के मुलांनी एका ना एका प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांतील निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासाच्या नात्यातले होते. बहुतेक मुलांनी ते कधी कोणालाही सांगितले नव्हते. मुलगे यात मुलींपेक्षा कमी नव्हते, ही गोष्ट आपली मध्यमवर्गीय घरे आजही स्वीकारायला तयार नाहीत. ज्या मुलाला घरीच कोणापासून भय आहे, त्याने सांगावे कोणाला? त्याच्यापाशी उरते ती एकच जागा, शाळा. आणि शाळेतही एखादी बाई, एखादे सर. म्हणून शाळेतील संरक्षणव्यवस्था ही केवळ शाळेत घडणाऱ्या गुन्ह्यांसाठी नसते. मूल सांगू शकेल असे एक माणूस त्याच्या दिवसात असावे, यासाठी ती असते.

कनिष्ठ महाविद्यालयांकडे तर या चर्चेत कोणी बघतच नाही. अकरावी-बारावीची मुले उंचीने आपल्याएवढी झाली की त्यांना आपण मोठी समजू लागतो. कायद्याला ती अठरा पूर्ण होईतो बालकच आहेत. शिकवणी वर्ग, खेळाचे प्रशिक्षण, अभ्यासिका, सहलीचे मुक्काम, अंतर्गत गुण हातात असलेले प्राध्यापक: धोका येथे वाढतो, आणि सखी सावित्री समितीची पाटी येथे बहुधा भिंतीवरही नसते.

खोट्या तक्रारींचे भय नेहमी पुढे केले जाते. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षेची तरतूद पॉक्सोच्या कलम २२ मध्ये आहे. मुलाला मात्र त्यातून पूर्ण सूट आहे, आणि ती योग्यच आहे. निरपराध शिक्षकाला वाचवण्याचा मार्गही तोच आहे, जो मुलाला वाचवण्याचा आहे: प्रकरण चार ज्येष्ठांच्या खोलीतून बाहेर काढून ज्याचे तपासाचे काम आहे त्याच्या हाती देणे. बंद खोलीत मिटवलेल्या प्रकरणातला निर्दोष शिक्षकही आयुष्यभर कुजबुजीचा धनी होऊन राहतो.

आपल्यापैकी जे कोणी एखाद्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या व्यवस्थापनात आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत इमारत निधीच्या आधी हा विषय घ्यावा. संस्थेची माहिती कोण पोलिसांना कळवणार, त्या व्यक्तीचे नाव ठरावात लिहावे. ती रजेवर असताना कोण, तेही लिहावे. आरोप अध्यक्षांवरच झाला तर कोणी कळवायचे, हेही लिहावे, मग लिहिताना हात कितीही अडखळो. सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याला अनुभवाचा दाखला देताना त्याच्याविषयी तक्रार आली होती का, हे नव्या संस्थेने विचारले तर खरे सांगायचे, असा निर्णय व्हावा. आणि नव्या माणसाला घेताना जुन्या संस्थेला दूरध्वनी करून तो प्रश्न विचारायचा, असाही. ठेकेदाराच्या माणसालाही हेच लागू. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक प्रत्येक वर्गात, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावा, मोठ्यांच्या नव्हे. आणि बैठक संपल्यावर, चहा घेण्यापूर्वी, सर्वांनी उठून जिन्याखालच्या त्या तक्रारपेटीपाशी जावे आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारावे.